धाबं पाडून स्लॅब टाकतोय. खान्देशात भूकंपाचा विचार करावा का?

बोरीकाठ
राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यात आमचं आजोबांच्या हातचं धाब्याचं घर आहे. दोन-सव्वादोन फुटी भिंती, सागाचे खांब, वर फूटभर माती. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायची, पावसाळ्यात गळलं की खाली पराती मांडायच्या. वडील होते तोवर चाललं. आता आम्ही दोघा भावांनी ठरवलंय, पाडायचं. खाली गाडी-ट्रॅक्टरला मोकळी जागा, वर राहायला एक मजला. बारा कॉलम.

घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. भाची सिव्हिलला एम.टेक. करते, विषय इमारतींची भूकंपातली ताकद. तिने नकाशा पाहिला आणि म्हणाली, मामा, ९ इंची कॉलम चालणार नाहीत, रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीची आडवी कडी) जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोकं आत वळवलेली हवीत. मिस्तरी म्हणतो, "भाऊ, तीस वर्षं कॉलम भरतोय. खान्देशात कुठे आला भूकंप? तो किल्लारीला, नाहीतर भुजला." भाची पोर आहे, मिस्तरी अनुभवी. खर्च किती वाढेल ते मात्र दोघंही सांगत नाहीत. तुमचं काय मत?

चावडीचा_पंच
मिस्तरी बरोबर बोलतो. माझं वय ६२, सगळा जन्म जळगावात गेला. भूकंपाने पडलेलं एक घर दाखवा, पावसाने पडलेली पन्नास मी दाखवतो. कागदावर लोखंड वाढवायला इंजिनिअरचं काय जातं? पैसे तुमचे.

धुळ्याना_पोऱ्या
आम्हनं धाबानं घर शंभर वरीसनं शे, आजून उभं शे. काकानं स्लॅबनं घर वीस वरीसमा गळाले लागनं. आते बोला!

निवृत्त_उपअभियंता
पंचसाहेब, तुमच्या-माझ्या आयुष्यात आला नाही म्हणजे येत नाही असं जमिनीला वाटत नसतं.

आपण कुठे बसलोय ते आधी पाहू. वर सातपुडा, पलीकडे नर्मदा, अलीकडे तापी. नर्मदा-शोण-तापी हा देशातल्या जुन्या भेगांचा पट्टा आहे. याच पट्ट्यात १४ मार्च १९३८ रोजी, खान्देशच्या उत्तरेला सातपुड्यात, ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला. केंद्र खूप खोल, साधारण ४० किलोमीटरवर होतं. २२ मे १९९७चा जबलपूरचा ५.८ चा धक्काही याच पट्ट्यातला. आयएस १८९३ या भूकंपाच्या सरकारी कोडाच्या २०१६च्या नकाशात तापीकाठचा आपला पट्टा झोन ३ मध्ये आहे. पुणे-मुंबईही झोन ३च.

आणि किल्लारीबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. १९९३ साली तो भाग नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित. तिथेही कोणी मिस्तरी असंच म्हणाला असेल.

चावडीचा_पंच
१९३८! साहेब, तेव्हा माझे वडीलही पाळण्यात होते. ८५ वर्षांत एक धक्का, त्यासाठी मी लाखभर रुपये जमिनीत घालू?

केळीचं_पान
पंचकाका, केळीचा विमा मात्र दरवर्षी काढता ना?

चावडीचा_पंच
तो मिळतो तरी कुठे वेळेवर. तो विषय काढू नका, बीपी वाढतं.

उधना_पॅसेंजर
मी शिंदखेड्याची, लग्नानंतर सुरतला. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊला आम्ही चौथ्या मजल्यावर होतो. मिस्टर झेंडावंदनाला गेलेले, मी पोळ्या लाटत होते. आधी वाटलं मला चक्कर येतेय, म्हणून ओटा धरला, तर ओटाच हलत होता. गॅसची टाकी भिंतीवर आपटायला लागली. मुलीला काखेत मारून जिन्याने उतरले, पायात चप्पल नाही, हातात लाटणं तसंच.

भुज आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर. तरी सुरतमध्ये इमारती पडल्या. अहमदाबाद त्या मानाने जवळ, पण तेही दोनशे किलोमीटरहून लांबच, आणि तिथे तर किती पडल्या. पडल्या त्यांतल्या बऱ्याच खाली पार्किंगवाल्या. आमच्या शेजारच्या बिल्डिंगचेही खालचे कॉलम फुटले होते, वरच्या घरांतल्या काचासुद्धा शाबूत. बोरीकाठ दादा, तुम्ही खाली मोकळी जागा सोडताय म्हटल्यावर पोटात गोळा आला म्हणून लिहिलं.

ते लाटणं अजून आहे माझ्याकडे.

केळीचं_पान
ताई, मिस्टर परत आले तेव्हा हातात लाटणं बघून त्यांना भूकंप परवडला असं वाटलं असेल.

शेवभाजी_एक्स्ट्रा
विषयांतर करतो, माफी असावी. अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाणी येतं ते या भेगांमुळेच का? आमची आजी शरभंग ऋषींची गोष्ट सांगायची.

निवृत्त_उपअभियंता
आजीची गोष्ट असू द्या, ती जास्त गोड आहे. सातपुड्याच्या पायथ्याला गरम झरे आहेत, शहाद्याकडेही एक उनपदेव आहे. जमिनीत खोलवर गेलेलं पाणी तापून भेगांमधून वर येतं. म्हणून उद्या तिथे भूकंप होणार असा अर्थ काढू नका. रविवारी लोक अंघोळीला जातात, जाऊ द्या.

मायमाहेर_फैजपूर
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. ६.२ चा धक्का आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा एस.वाय.ला होते, एनएसएसमधून आम्ही मुलं-मुली गेलो होतो. जे पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. घरांबद्दल तेवढं लिहिते.

तिथल्या भिंती आपल्यासारख्याच जाड, काही तर याहूनही जाड. पण जाडी फसवी. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक दगडी पदर, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जवळपास नाहीच. हलल्याबरोबर दोन पदर दोन दिशांना फाकले आणि वरची माती खाली आली. लोक दगडाखाली कमी, मातीत गुदमरून जास्त गेले असं तिथला एक डॉक्टर म्हणत होता.

पण दुसरंही पाहिलं. काही घरांत सगळ्या भिंती ढासळलेल्या आणि मधला सागाचा सांगाडा, खांब-तुळया, धाब्यासकट उभा. त्या घरांतली माणसं वाचली होती. तिकडे त्याला खणाचं घर म्हणतात. म्हणून धाब्याला सरसकट शिव्या घालू नका. धाबं भिंतीवर टेकलंय की खांबांवर, हे बघा. बोरीकाठ, तुमचं खांबांवर असेल तर आजोबा शहाणे होते.

बोरीकाठ
ताई, खांबांवरच आहे. पण माजघराचं एका बाजूने भिंतीत घुसवलंय. ते काकांनी वाटणीच्या वेळी केलेलं.

केळीचं_पान
वाटणीने घर पडतं ते असं.

धुळ्याना_पोऱ्या
मंग मनं बरोबर व्हतं नं! सागना खांब, भो!

निवृत्त_उपअभियंता
पोऱ्या, निम्मं बरोबर. वजनाचा हिशेब कर. दहा बाय बाराची खोली, वर फूटभर माती. जवळजवळ साडेतीन घनमीटर माती, म्हणजे साडेपाच टन तुझ्या डोक्यावर. दर उन्हाळ्यात नवा थर टाकत गेलास आणि दीड फूट झाली, तर आठ टन. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब साडेतीन टनांचा. भूकंप बाहेरून ढकलत नाही, जमीन खालून सरकते आणि घराचं वजनच घराला ओढतं. जितकं वर वजन, तितका धक्का मोठा. आधी धाब्यावरची जुनी माती उतरवून मग नवी टाकायची, ही जुन्या लोकांची रीत होती. आळसाने सुटली.

रंधा_फळी
मी सेंट्रिंगवाला. भाचीताईंच्या रिंगांबद्दल बोलतो. टोक १३५ अंशांत आत वळवलं की बांधणाऱ्याची बोटं सोलवटतात. शिवाय कॉलमच्या तोंडाशी रिंगा तीन-तीन इंचांवर आल्या की खडी अडकते, काँक्रीट दाबणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही, खाली मधमाशीचं पोळं होतं. मग तेच इंजिनिअर येऊन ओरडतात. दुकानात तयार रिंगा मिळतात त्या बहुतेक ९० च्या. कोणाला हौस नसते चुकीचं करायची, दर तेवढाच देता तुम्ही.

बोरीकाठ_ची_भाची
मामा, धागा काढलात आणि सांगितलंही नाहीत! आईने पाठवला. मीच ती "भाची पोर". नाव हेच घेतलं, दुसरं सुचलं नाही.

पंचकाकांचा प्रश्न रास्त आहे. ८५ वर्षांत एक धक्का, तर खर्च कशाला? खरं तर कोडही तुमच्यासारखाच कंजूष आहे. गणित दाखवते. झोन ३ साठी गुणांक ०.१६. त्याचा निम्मा ०.०८. बुटक्या घरांना जमिनीचा धक्का अडीच पट जाणवतो असं धरतात, म्हणजे ०.२०. मामांचं घर २०० टनांचं धरलं तर आडवा धक्का ४० टनांचा. पण आपण घर ४० टनांना बांधतच नाही. त्याला ५ ने भागतो आणि ८ टनांना बांधतो. मग उरलेले ३२ टन? ती उधारी. घराला तडे जातील, सळ्या ताणल्या जातील, पण घर बसणार नाही, या भरवशावर घेतलेली. आणि ५ ने भागायची परवानगी फक्त त्या घराला, ज्याचं लोखंड आयएस १३९२० (भूकंपासाठी लोखंड कसं बांधायचं त्याचा कोड) प्रमाणे बांधलंय. रिंगा म्हणजे त्या उधारीचं तारण. मिस्तरी तारण न ठेवताच उधारी उचलतोय.

आमच्या प्रयोगशाळेत कॉलमचे नमुने जॅकने पुढे-मागे ढकलतो. एकदा इकडे, एकदा तिकडे, दर फेरीला थोडं जास्त. सुरुवातीला ९० ची रिंग आणि १३५ ची रिंग, दोन्ही कॉलम सारखेच वागतात. मग बाहेरचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, गळून पडतं. ९० च्या रिंगेचं टोक त्या कव्हरमध्येच अडकलेलं असतं, त्यामुळे कव्हर गेलं की रिंग उघडते, उभी सळई बाहेर फुगते आणि आतलं काँक्रीट अक्षरशः सांडतं. १३५ चं टोक गाभ्यात रुतलेलं असतं. तो कॉलम कुरूप होतो, तडकतो, पण वजन धरून राहतो. पहिल्यांदा हा फरक पाहिला त्या रात्री मला आमच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये झोप लागली नाही. जपानमध्ये मिकी शहरात २० बाय १५ मीटरचं हलतं टेबल आहे, त्यावर १२०० टनांपर्यंतची इमारत आख्खी ठेवून हलवतात. आम्ही एकेका कॉलमवर भागवतो.

पण मामा, खरं सांगू? मला रिंगांपेक्षा तुमच्या खालच्या मोकळ्या जागेची जास्त धास्ती आहे. उधनाच्या मावशींनी लिहिलंय ते तंतोतंत तुमचं घर आहे. वरचा मजला विटांच्या भिंतींनी घट्ट, खाली नुसते पाय. हलताना वरचा मजला पेटीसारखा सरळ राहतो आणि सगळी वाकवण खालच्या बारा पायांवर येते. भुजनंतर २००२ च्या कोडात अशा मजल्याचे कॉलम अडीच पट ताकदीचे करा असं घातलं होतं, ते उगाच नाही. एकाच बाजूला भिंत बांधाल तर आणखी वाईट, घर पिळलं जाईल. समोरासमोर बांधा.

रंधा_फळी काका, तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. त्यावर उपाय खडीचा. तोंडाशी २० मिलिमीटरऐवजी १० ची खडी घ्यायची आणि बारीक सुई लावायची.

चावडीचा_पंच
पोरी, उधारीचं पटलं. आमच्या दुकानात तारणाशिवाय कोणाला दिलं नाही कधी.

शेवभाजी_एक्स्ट्रा
एरंडोल तालुक्यात फरकांड्याला झुलते मनोरे आहेत. एक हलवला की दुसरा हलायचा. त्या काळच्या कारागिरांना हे सगळं ठाऊक होतं म्हणजे!

बोरीकाठ_ची_भाची
शाळेच्या सहलीत पाहिलेत! प्रत्येक उंच गोष्टीला स्वतःचा झोका असतो, झोपाळ्यासारखा. दोन मनोरे सारख्याच उंचीचे, सारख्याच वजनाचे, म्हणजे झोकाही सारखा. एकाची थरथर पायथ्यातून दुसऱ्याकडे जाते आणि त्याचा ठेका जुळतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर. तो गाळ दर दोन सेकंदांनी एक झोका देत राहिला. ज्या इमारतींचा ठेका त्याच्याशी जुळला, साधारण ६ ते १५ मजल्यांच्या, त्या जास्त पडल्या. बुटकी घरं तगली.

आता मनोऱ्यांना हात लावून बघू नका कोणी. वय झालंय त्यांचं.

तापीचा_गाळ
मेक्सिकोचं वाचून दचकलो. आम्ही चोपड्याकडचे. आमच्याकडे विहिरीला शंभर फूट गेलं तरी मुरूम लागत नाही, सगळा तापीचा गाळ. मग आमचं काय?

निवृत्त_उपअभियंता
गाळ धक्का वाढवतो हे खरं. म्हणून कोडात पक्का खडक, मध्यम जमीन आणि मऊ जमीन असे वेगळे हिशेब आहेत. पण दुमजली घराचा ठेका झटपट, मेक्सिकोसारखा दोन सेकंदांचा नाही. भ्यायचं तर जळगाव-भुसावळला गाळावर उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींनी भ्यावं, आणि माती तपासल्याशिवाय एकही वीट रचू नये.

रोजचा शत्रू मात्र काळी माती. दर उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला की लोक मला फोन करतात, "साहेब, काल रात्री भूकंप झाला का?" भूकंप नाही बाबा, तुझा पाया काळ्या मातीत दोन फुटांवर ठेवलाय. अमळनेरकडे थोडं खोदलं की मुरूम लागतो, तिथपर्यंत जा. जोत्याला सगळे कॉलम बांधणारा प्लिंथ बीम घाल.

धुळ्याना_पोऱ्या
मना घरनी भित्ताडले तडा गया, बायको म्हने भूकंप, मी म्हने सासूबाई येल व्हत्यात.

मायमाहेर_फैजपूर
पोऱ्या, सासूबाई इथे वाचत नाहीत याची खात्री करून घे.

उधना_पॅसेंजर
जुन्या फ्लॅटवाल्यांनी काय करायचं तेही सांगा कोणीतरी. सगळेच काही नवीन बांधत नाहीत. माझ्या आईचा धुळ्यातला फ्लॅट ३२ वर्षांचा आहे.

निवृत्त_उपअभियंता
सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. सभेत हा विषय काढा, सगळे एकदम उठून चहाला जातात. ऑडिटवाला येईल, हातोडीसारखं यंत्र कॉलमवर आपटून आकडा घेईल. त्यावर समाधान मानू नका. तो आकडा पृष्ठभागाचा असतो, गिलावा न काढता घेतला तर गिलाव्याचा. दोन-चार ठिकाणी काँक्रीटचा गाभा कापून काढायला सांगा आणि सळई किती गंजली ते उघडून दाखवायला सांगा. गंजलेली सळई फुगते, कव्हर उडवते. भूकंपाला मग वेगळं काही करावं लागत नाही.

उधना_पॅसेंजर
धन्यवाद काका. आईच्या फ्लॅटला गेल्या दिवाळीत बाहेरून झकास रंग दिलाय. आता कळतंय का इतकी घाई होती ते.

बोरीकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. मूळ प्रश्नाचं उत्तर आपणच काढावं म्हणून मी, भाची आणि मिस्तरी ओट्यावर कागद घेऊन बसलो.

मिस्तरीच्या पद्धतीने रिंगा सरसकट ८ इंचांवर, म्हणजे दहा फुटी कॉलमला १५. भाचीच्या पद्धतीने वर-खाली वीस-वीस इंच तीन इंचांवर आणि मध्ये सहा इंचांवर, म्हणजे २७. बारा कॉलम, दोन मजले, बीमच्या सांध्यातल्या रिंगा धरून वाढीव लोखंड पावणेदोनशे किलोच्या आसपास. दहा-बारा हजार रुपये. पंचसाहेब, लाख नव्हे! भिंतीत लपणारे ९ इंची कॉलम सोडून १२ इंची केले त्याचं काँक्रीट वेगळं. पण त्याहून जास्त पैसे आम्ही बाहेरच्या ग्रॅनाइटला धरले होते, ते बायकोच्या परवानगीने कमी केले.

मिस्तरी आकड्यांवर काही बोलला नाही. म्हणाला, "भाऊ, लोखंडाचं नाही, वेळेचं आहे. टोकं वळवायला एक माणूस जास्त लागेल, त्याची हजेरी द्या." दिली.

खाली मागच्या बाजूला आणि बरोबर समोर, जिन्याजवळ, भिंती घेतल्या. ट्रॅक्टर आडवा घालावा लागेल, भाऊ कुरकुरतोय.

पाडताना माजघराच्या भिंतीत देवळीमागे खरंच मधला चिखल निघाला, फैजपूरच्या ताई म्हणाल्या तसा. हाताने उकरला तरी येत होता. काकांनी घुसवलेली तुळई त्यावरच टेकलेली. आजोबांचे सागाचे खांब मात्र ठणठणीत, एकाला कीड नाही. त्यांतले चार पुढच्या ओसरीला लावतोय.

चावडीचा_पंच
खांब विकू नका. लोक दारात गाडी लावून मागतील.

धुळ्याना_पोऱ्या
वास्तुले बलाव भो. भरीत-भाकर करजो, मांडास्ना नाद नको.

रंधा_फळी
बोरीकाठ भाऊ, कॉलम कधी भरताय? १० ची खडी आदल्या दिवशी टाकून घ्या, ऐनवेळी मिळत नाही. आणि लाइटचं वेळापत्रक बघा.

बोरीकाठ
गुरुवारी. लाइट दहाला जाते आमच्याकडे. सुई पेट्रोलवाली सांगितलीय, पारोळ्याहून येतेय. भाची सकाळच्या बसने येणार आहे, मिस्तरी आत्तापासून विचारतोय की ताई किती वाजता परत जातील.

बोरीकाठ_ची_भाची
सांगा त्याला, मुक्कामी आहे.